आधी त्या दोन सेल लाइन्स गोठव

प्रश्न : ताई, मी प्राणिपेशींवर पीएच.डी. करते. आमच्या कल्चर रूममधून, म्हणजे पेशी वाढवण्याच्या खोलीतून, दर आठवड्याला तीन-चार पिवळ्या पिशव्या भरून फ्लास्क, पिपेट्स, टिप्स बाहेर जातात. बाजारात जाताना मी आठवणीने कापडी पिशवी घेते आणि इथे एका सकाळी वीस पिपेट्स फेकते, याचं फार वाईट वाटतं. हे प्लास्टिक ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) पुन्हा वापरता येईल का? निदान भंगारात तरी? माझ्याकडे तीन सेल लाइन्स (सतत वाढवत ठेवलेले पेशींचे प्रकार) चालू आहेत, काम सध्या एकीवरच आहे.
– संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुला वाईट वाटतं ते योग्यच आहे. २०१५ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’ला पत्र लिहून आपल्या विभागाचा हिशोब मांडला होता. २८० संशोधकांचा २०१४ या एका वर्षातला प्लास्टिक कचरा सुमारे २६७ टन. माणशी जवळजवळ एक टन!

भंगाराचा विचार मात्र सोड. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पेशींची कल्चर्स आणि त्यांसाठी वापरलेल्या डिश, फ्लास्क पिवळ्या वर्गात येतात. आधी जागेवर निर्जंतुक करायचे, मग जाळायला पाठवायचे. आणि फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून परत वापरायचा म्हणशील, तर तो पॉलिस्टायरिनचा असतो. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह जातो १२१ ला. बाहेर येतो तो चुरगळलेला गोळा. म्हणजे पिशवीत पडल्यावर फारसं काही हातात राहत नाही, जे करायचं ते पाकीट फोडण्याआधी.

मी पुण्यात एकतीस वर्षं कल्चर रूम सांभाळली. सुरुवातीला आमच्या सगळ्या पिपेट्स काचेच्या होत्या. वापरून झाली की लगेच उंच नळकांड्यात साबणाच्या पाण्यात उभी करायची, वाळू द्यायची नाही. मागचा कापसाचा बोळा काढायचा, नळाखाली भरपूर धुवायची, मग डिस्टिल्ड वॉटरचे हात. ओव्हनमध्ये वाळवून नवा बोळा भरायचा आणि स्टीलच्या डब्यात घालून १६० अंशांवर दोन तास. डबा उघडला की कापूस किंचित बदामी झालेला दिसायचा. तो रंग दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

यात धोका आहे, तोही सांगते. एकदा आमचं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद पडलं आणि शेवटचे हात नळाच्याच पाण्याचे गेले. दोन दिवसांत पेशी गोल होऊन तळापासून सुटू लागल्या. कारण सापडेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्या काळात वाया गेलेले फ्लास्क वेगळेच. त्यामुळे धुणारं माणूस भरवशाचं असेल तरच काच आण, आणि तीही पीबीएस (पेशी धुण्याचं खारं द्रावण) आणि ताजं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) घेण्यापुरती. रुग्णांचे नमुने किंवा विषाणू असतील तिथे वापरून फेकायचीच पिपेट घे. त्यात काटकसर करू नकोस.

पीबीएस काचेच्या बाटलीत करून ऑटोक्लेव्ह कर. टिप्सचे रिकामे डबे जपून ठेव, सुट्या टिप्स आणून भरता येतात. चोवीस खान्यांच्या प्लेटमध्ये भागत असेल तर सहा खान्यांची उघडू नकोस, मीडियमही वाचतं.

पण तुझ्या पत्रातली खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे. दोन लाइन्स तू नुसत्या जगवते आहेस. हिशोब कर : प्रत्येकीचं आठवड्यातून दोनदा पॅसेजिंग, म्हणजे दाटलेल्या पेशी विरळ करून नव्या फ्लास्कमध्ये घालणं, दर वेळी निदान एक नवा फ्लास्क, एक ट्यूब आणि चार पिपेट्स. आठवड्याला चार फ्लास्क, चार ट्यूब, सोळा पिपेट्स, आणि त्यातून एकही निष्कर्ष निघत नाही. शिवाय जितके दिवस त्या चालू, तितका संसर्गाचा धोका. एकदा बुरशी शिरली की अख्खा इनक्युबेटर रिकामा करावा लागतो.

या आठवड्यात दोन्ही चांगल्या वाढीत असताना गोठवायला काढ. आधी मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूची) तपासणी करून घे. १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं रसायन) प्रत्येकीच्या चार-पाच व्हायल्स (छोट्या बंद नळ्या) कर, दर व्हायलमध्ये दहा-वीस लाख पेशी. हळूहळू थंड होतील अशा डब्यात रात्रभर उणे ८० ला, मग द्रव नायट्रोजनमध्ये. पण चालू फ्लास्क लगेच टाकू नकोस. आठवड्याने प्रत्येकीची एक व्हायल वितळवून मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने जिवंत किती ते मोज, दोन दिवस वाढू दे. पेशी नीट चिकटल्या, पसरल्या, की मग जुने फ्लास्क बंद कर. व्हायलवर नाव, पॅसेज नंबर आणि तारीख पेन्सिलीने किंवा क्रायो मार्करने लिही. साध्या पेनची शाई नायट्रोजनमध्ये टिकत नाही.