'आई मदत करते' या तीन शब्दांचा हिशेब

तुझं पत्र दोनदा वाचलं बघ. एकदा भराभर आणि मग पेन घेऊन, कारण तू चक्क आकडे लिहिलेस, आणि आकडे लिहून पाठवणारी मुलं मला फार कमी भेटतात, बहुतेकांचं पत्र 'मॅडम मला काहीतरी क्रिएटिव्ह करायचंय' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी वाईजवळची, वय 19, एसवाय बीकॉम झालंय, 62 टक्के. घराच्या पुढच्या खोलीला दोन वर्षांपूर्वी शटर लावून छोटं दुकान काढलंय, त्यात हिच्या हातची क्रोशाची फुलं, कीचेन, बाळाची टोपडी-मोजे आणि आईच्या हातची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीत फराळ. थोड्या ऑर्डरी इन्स्टावरून येतात, थोड्या पाचगणीला जाणारे पुणे-मुंबईवाले थांबून घेतात. बाबा साखर कारखान्यात क्लार्क, त्यांचं म्हणणं बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव, दुकान सुट्टीत कर. हिचा प्रश्न, कॉलेज सोडून फुलटाइम दुकान करू का, की निफ्टला, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, ट्राय करू, आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, 'ऑर्डरी यायला लागल्यापासून क्रोशाचा कंटाळा यायला लागलाय, हे नॉर्मल आहे का?'

आता तुझ्याशी बोलते.

तू लिहिलंयस, मागच्या महिन्यात एकूण विक्री 14,200, त्यात क्रोशाचे 3,800. आणि त्याच्या खालच्या ओळीत 'आई मदत करते'. अगं 14,200 मधून 3,800 गेले की उरतात 10,400, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश धंदा आईच्या कढईतून येतोय, तर मदत कोण कुणाला करतंय? चिडू नकोस. मी हे टोचून बोलत नाहीये, पण तुझ्या करिअरचा प्रश्न या एका वाक्यापाशी अडलाय असं मला वाटतं, आणि तिथली गाठ सुटली की बाकीचं बरंच सोपं होईल.

आधी तुझं सूर्यफूल घेऊ. कुंडीतलं सूर्यफूल, भाव 350. लोकर, तार आणि छोटी कुंडी 95, बॉक्स 15, आणि तू 'फ्री शिपिंग' लिहितेस म्हणजे कुरिअरचे 60 तुझेच. राहिले 180. वेळ तूच लिहिलायस, पाच तास. म्हणजे तासाला 36 रुपये. आता भाजणी. किलोला 280, त्यात धान्य-डाळी साधारण 100, दळण, गॅस, पाऊच मिळून 35. राहिले 145. आई एका रविवारी 10 किलो करते म्हणालीस, निवडण्यापासून पाऊच सील करेपर्यंत आठ तास धरू. 1,450 भागिले आठ, तासाला 180 च्या वर. पाचपट! आणि ती करताना ज्वारी वेगळी, बाजरी वेगळी, तांदूळ वेगळे, प्रत्येक डाळ वेगळी भाजते आणि धने-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून, हे तूच किती प्रेमाने लिहिलंयस, मला वाचताना वास आला. एवढं बारीक लक्ष देऊन केलेल्या कामाला तुझ्या वहीत एक रुपयाही मजुरी लावलेली नाही. तुझ्याही कामाला लावलेली नाही म्हणा, पण तुझ्या कामाला निदान 'करिअर' हे नाव तरी मिळतंय.

मला हे का दिसतं ते सांगते. मीही एके काळी हाताने केलेली ग्रीटिंग कार्डं विकायचे, क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीची, तेव्हा त्याची फार क्रेझ होती. एका प्रदर्शनात तीन दिवस स्टॉल लावला, 6,100 ची विक्री झाली, मी तर हवेत. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, उरले किती? स्टॉलचं भाडं 4,500, रिक्षा, चहा, शेजारच्या स्टॉलवरून घेतलेला कुर्ता (तो हिशेबात धरायचा नसतो असं माझं तेव्हाचं मत), आणि कागद-गोंद तर कधीच मोजला नव्हता. रात्री वहीवर आकडे मांडले तेव्हा कळलं की तीन दिवस उभं राहून मी पदरचे घालून आलेय. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त गरम वरणभात वाढला, त्याचंच जास्त लागलं.

असल्या पत्रांच्या उत्तरात लिज्जतचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलेलं असतं, कारण जो उठतो तो 1959, गिरगाव, सात बायका आणि 80 रुपये उधार एवढं सांगून मोकळा होतो. पण त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट कुणी सांगत नाही. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणींना 'वणाई' मिळते, किलोच्या हिशेबाने, लाटण्याची मजुरी. त्या मालकीणही आहेत, नफ्यात वाटाही आहे, पण मजुरी वेगळी आणि नफा वेगळा, मालकीण झालीस म्हणून तुझे हात फुकट असं नाही. तुमच्या दुकानात हेच नाहीये. तर उद्यापासून वहीत दोन रकाने पाड, आईचे तास आणि तुझे तास, दोघींनाही तासाला 80 रुपये लाव, आणि मग बघ नफा म्हणून काय राहतं ते. भाजणीत राहील. सूर्यफुलात उणे येईल.

म्हणून क्रोशा सोड असं म्हणत नाहीये हां. वस्तू बदल. तू ती छोटी स्ट्रॉबेरीची कीचेन करतेस ना, 25 मिनिटांची, 80 ला विकतेस, लोकर आणि रिंग मिळून 12. म्हणजे तासाला दोन धरल्या तरी 136 रुपये, हात तेच, सुई तीच. आणि पाचगणीला जाणाऱ्या माणसाला वाईत थांबून स्ट्रॉबेरी घ्यावीशी वाटणारच, सूर्यफूल त्याला कुठेही मिळतं. सूर्यफूल ठेव, पण 750 लाव, घेणारा घेईल, नाही घेतलं तरी तुझे पाच तास वाचले. कार्टूनमधली पात्रं मात्र विणून विकू नकोस, त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात, आज कुणी काही बोलत नाही म्हणून चालतंय एवढंच.

आता कॉलेज. सोडायचं नाही. इथे मी गोलगोल बोलणार नाही. बघ, बाबांची वाट, म्हणजे बँकेच्या आयबीपीएसच्या परीक्षा, त्याला कुठलीही पदवी चालते आणि जनरलला क्लार्कसाठी 28 पर्यंत, पीओसाठी, म्हणजे ऑफिसरसाठी, 30 पर्यंत वय चालतं. निफ्टचं म्हणशील तर बारावीनंतरचा चार वर्षांचा बीडेस, म्हणजे डिझाइनची पदवी, आहेच, खारघरला मुंबई कॅम्पस आहे, पण फी सगळी मिळून 10 लाखांच्या पुढे जाते आणि कारखान्यातल्या क्लार्कच्या पगारावर ते कर्जाशिवाय होणार नाही, शिवाय तुझी बीकॉमची दोन वर्षं पाण्यात. त्यापेक्षा पदवीनंतर तिथेच दोन वर्षांचे मास्टर्स आहेत, एमडेस आणि फॅशन मॅनेजमेंट, आणि मॅनेजमेंटवाल्याला बीकॉमची मुलगी जिला दोन वर्षं स्वतःचं दुकान चालवायचा अनुभव आहे, अशी खूप मिळत नाहीत. म्हणजे बाबांची वाट पाच-सात वर्षं उघडी आहे, निफ्टची वाट उघडी आहे, दुकान तर घरातच आहे. बंद होणारी गोष्ट एकच, टीवाय. सोडलंस की परत जाणं किती अवघड असतं ते मी खूप जणींचं पाहिलंय, आणि त्यात अकाउंट्सचा पेपर तुला रोजच्या रोज उपयोगाचा आहे, कॉस्टिंग म्हणजे दुसरं काय, सूर्यफुलाचं आत्ता केलं तेच की.

एक अडचण तू लिहिली नाहीस पण येणार आहे. पाचव्या सेमच्या परीक्षा आणि दिवाळी जवळजवळ आल्या तर तू काय करणार? मागच्या वर्षी फराळाच्या 40 किलोच्या ऑर्डरी घेतल्या होत्या म्हणतेस. या वर्षी ऑर्डरी दिवाळीच्या तीन आठवडे आधी बंद करायच्या, आणि अनारसे तर घ्यायचेच नाहीत, तीन दिवस तांदूळ भिजत घाला, रोज पाणी बदला, मग कुटा, मग पीठ मुरवा, आणि तळताना एखादा घाणा फसला की गेलं सगळं. चकली आणि चिवडा ठेवा. तळणीला शेजारच्या काकूंना रोजाने बोलवा, आणि तो रोजही वहीत लिहायचा.

कागदपत्रांचं पटकन सांगते. खायच्या वस्तू विकताय तर एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागतंच, घरगुतीला नाही लागत हा गैरसमज आहे. छोट्या धंद्याला साधं रजिस्ट्रेशन पुरतं, फी वर्षाला 100 रुपये, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लावून ऑनलाइन होतं. 14 आकडी नंबर मिळतो तो पाऊचवर छापायचा, सोबत घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच, किंमत, पत्ता आणि तो हिरवा ठिपका. आत्ता नुसती झिपलॉक पिशवी आणि मार्करने 'भाजणी' असं आहे, फोटोत दिसलं मला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवर होते आणि ती पूर्ण फुकट आहे, हजार-दीड हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं. जीएसटीला तुम्ही इतक्यात घाबरू नका, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत लागत नाही, पण भाजणीची पार्सलं राज्याबाहेर जायला लागली की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एकही पाठवायचं नाही. आणि जिल्ह्याला ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, बँका चालवतात, तिथे ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवण पण. आईला पाठव, पॅकिंग शिकायला नाही, बँकेच्या मॅनेजरसमोर बसून स्वतःच्या धंद्याबद्दल बोलायची सवय व्हायला.

रजिस्ट्रेशन दोन्ही आईच्या नावावर कर. बाबांच्या नाही, तुझ्याही नाही. तू पुढे निफ्टला गेलीस, बँकेत लागलीस, लग्न करून नाशिकला गेलीस, तरी धंदा जागेवर राहिला पाहिजे, आणि उद्या कर्ज काढायचं झालं तर कागदावर जिचं नाव असेल तिलाच बँक विचारते.

राहिलं कंटाळ्याचं. नॉर्मल आहे गं. सतरा सूर्यफुलं एकसारखी विणल्यावर कुणालाही येईल, हलवायालाही पेढ्याचा वास नकोसा होतोच की. तू लिहिलंयस आजीचं क्रोशाचं तोरण अर्धं राहिलंय, मोराचं, आजी गेल्यापासून डब्यात. ते काढ. ते विकायचं नाही, त्याचा फोटो टाकायचा नाही, वेळ मोजायचा नाही, रोज रात्री चार ओळी घालायच्या बस. आजीचे टाके घट्ट असतील आणि तुझे सैल, जोड दिसेल, दिसू दे. महिनाभराने सुईकडे बघून काय वाटतं ते मला लिही, कारण त्याच्यावरून मला कळेल की तुला विणायला आवडतं की दुकान चालवायला आवडतं, आणि या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. तुझ्या पत्रात भाव, कुरिअर, कोण गिऱ्हाईक परत आलं यावर दीड पान आहे आणि विणण्यावर चार ओळी. मी माझा अंदाज सांगत नाही, तू बघ.

बाबांना वहीतले दोन रकाने दाखव, आकड्यातला माणूस आहे, भाषण देण्यापेक्षा ते बरं. तीन महिन्यांचा हिशेब झाला की परत लिही. पाऊचवर नाव काय छापायचं ते मात्र आईला विचार, तू सुचवू पण नकोस.

आणि 2 किलो भाजणी मला हवीये, कुरिअर माझं, डिस्काउंट नको.