नकाशा आधी, सनावळ्या नंतर

प्रश्न : मुलगी पाचवीत गेली. शाळा गट ठरवण्यासाठी परिसर अभ्यासाची चाचणी घेणार आहे. तीन आठवड्यांत काय करून घ्यावं?
– एक पालक, कुर्ला

उत्तर : पाठांतराने सुरुवात करू नका. गुण सर्वांत जास्त नकाशात जातात, कारण मुलं ‘वर’ म्हणजे उत्तर समजतात आणि नकाशा भिंतीवरच बघतात. नकाशा जमिनीवर पसरा, उत्तरेची बाजू खऱ्या उत्तरेकडे करा. मग विचारा : चर्चगेटहून बोरिवलीला जाताना डाव्या हाताला काय? अरबी समुद्र, म्हणजे पश्चिम. हे रोज दहा मिनिटं, पहिला आठवडाभर. त्यानंतर कोऱ्या नकाशावर विहार, पवई, मिठी नदी आणि माहीमची खाडी तिला स्वतःला भरू द्या.

जिल्ह्यात हमखास घोळ होतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. कुर्ला उपनगरात येतं, आणि त्या जिल्ह्याचं मुख्यालय वांद्र्याला आहे. ‘माझा जिल्हा मुंबई’ असं लिहिलं की उत्तर अपुरं.

इतिहासासाठी भिंतीवर दोरी बांधून चिठ्ठ्या अडकवा : 1630 शिवनेरीवर जन्म, 1674 रायगडावर राज्याभिषेक, 1960 महाराष्ट्र राज्याची स्थापना. राजगड आणि रायगड यांची अदलाबदल फार होते. राजगड आधीची राजधानी, रायगड नंतरची, हे तिच्याकडून कारणासह बोलून घ्या.

शेवटच्या आठवड्यात एकाआड एक दिवस ‘का?’चं एक उत्तर तीन वाक्यांत लिहायला लावा. तोंडी येणारं कागदावर उतरतंच असं नाही.