वाचक विचारतात : डबाभर जुन्या स्लाइड्स

प्रश्न : नमस्कार. मुलगी न्यू जर्सीला असते, तिने तिकडच्या एका गराज सेलमधून जुन्या स्लाइड्सचा डबा घेतला आणि सुट्टीला येताना माझ्यासाठी घेऊन आली. पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या आहेत, बऱ्याचशा जत्रेच्या नाहीतर अम्युझमेंट पार्कच्या. मोठाले पाळणे, रोलर कोस्टर, समुद्रावर तोबा गर्दी, पण नाव-गाव-साल काही लिहिलेलं नाही. काहींचे रंग अजून लखलखीत आहेत, काही पार गुलाबी पडल्यात. जागा आणि साल कसं ओळखायचं? आणि एका पार्कच्या बऱ्याच स्लाइड्स आहेत, त्यात इतकी माणसं आहेत पण एकही काळा माणूस नाही, असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फार छान गोष्ट हाताला लागलीये तुमच्या. आधी रंगाचं सांगतो, कारण त्यावरून फिल्म कळते. लखलखीत आहेत त्या बहुतेक कोडाक्रोम असणार, चौकटीवर तसं छापलेलंही असतं. ही फिल्म 1935-36 मधे आली आणि तिची गंमत अशी की रंग फिल्ममधे नसायचेच, ते लॅबमधे धुताना घातले जायचे, त्यामुळे मागे उरलेली केमिकल्स पुढे रंग खात बसत नाहीत आणि अंधारात ठेवली तर साठ-सत्तर वर्षांनीसुद्धा लाल तो लालच राहतो. एक्टाक्रोम ही दुसरी फिल्म 1946 ची, तिच्यात रंगाची केमिकल्स फिल्ममधेच होती, घरी धुता यायची म्हणून लोकांनी घेतलीही भरपूर, पण त्या काळातल्या एक्टाक्रोमचे निळे-हिरवे रंग उडतात नि सगळं गुलाबी दिसायला लागतं. चौकटीवरचं नाव पुसलं गेलं असेल तर स्लाइड उजेडात तिरकी धरून बघा, कोडाक्रोमच्या मॅट बाजूला चित्र किंचित उठून आल्यासारखं दिसतं.

रात्रीच्या फोटोत पाळण्याच्या जागी नुसतं प्रकाशाचं कडं दिसलं तर स्लाइड खराब झाली असं समजू नका. सुरवातीची कोडाक्रोम अतिशय स्लो होती, म्हणजे तिला उजेड फार लागायचा (स्पीड फक्त 10), त्यामुळे रात्री कॅमेरा स्टँडवर ठेवून शटर काही सेकंद उघडं ठेवायला लागायचं आणि तेवढ्यात पाळणा फिरून जायचा. मला तर ते फोटो सगळ्यात जास्त आवडतात.

आता जागा. न्यू जर्सीत मिळाल्यात आणि समुद्र दिसतोय म्हणजे आधी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा विचार करा. तिथला वंडर व्हील हा पाळणा 1920 चा, 150 फूट उंच, आणि त्याचे काही डबे आतल्या रुळांवरून घसरत जातात, त्यामुळे फोटोतही पटकन ओळखू येतो. सायक्लोन रोलर कोस्टर 1927 चा. पण हे दोन्ही आजही चालू आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून जागा कळते, साल नाही. साल कळतं ते नंतर आलेल्या किंवा आता नसलेल्या गोष्टींवरून. छत्रीसारखा माथा असलेला उंच लोखंडी मनोरा दिसला तर तो पॅराशूट जंप, 250 फुटांचा. हा मुळात 1939 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी बांधला होता आणि 1941 मधे कोनी आयलंडला आणला, म्हणजे मागे समुद्र असेल तर स्लाइड 1941 च्या आधीची असूच शकत नाही. तिथलं जुनं लूना पार्क 1944 च्या आगीत जळालं आणि ते पुन्हा उघडलं नाही. तिथलंच स्टीपलचेज पार्क 1964 ला बंद झालं, तेव्हा त्याचा तो दात विचकून हसणारा चेहरा कुठल्या पाटीवर असेल आणि गेटवर गर्दी असेल तर फोटो त्याआधीचा धरा. पार्किंगमधल्या गाड्याही भिंगाखाली बघा, तिकडे बऱ्याच राज्यांच्या नंबरप्लेटवर सालच असायचं.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या रंगीत आनंदी फोटोंबद्दल लोक "काय साधे दिवस होते" असं म्हणतात, पण अमेरिकेतल्या कितीतरी पार्कमधे काळ्या लोकांना आतच घेत नव्हते. तुमची स्लाइड अशाच एखाद्या पार्कची आहे का हे जागा कळल्यावरच ठरेल. वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कचंच बघा. 30 जून 1960 ला हॉवर्ड युनिव्हर्सिटीचे काळे विद्यार्थी काही गोऱ्या साथीदारांना घेऊन तिथल्या मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर जाऊन बसले, जवळ तिकिटं होती, तरी पाच जणांना अटक झाली. मग तो अख्खा उन्हाळा गेटबाहेर निदर्शनं चालली, शेजारच्या वस्तीतले गोरे रहिवासीही त्यात उतरले आणि 1961 च्या वसंतात पार्क सगळ्यांसाठी उघडलं. त्या पाच जणांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने 1964 मधे रद्द केली. तो 1921 चा मेरी-गो-राउंड अजूनही फिरतो. म्हणून चौकटीत कोण आहे याच्याइतकंच कोण नाहीये हेही बघा, आणि तुम्ही ते आपणहून बघितलंत याचा मला फार आनंद झाला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. कोडाक्रोम अंधारात टिकते पण प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर उडते, तेव्हा पाहुणे आले की भिंतीवर दाखवायचा मोह नको, एकदा स्कॅन करून घ्या नि स्क्रीनवर दाखवा. स्कॅन करणाऱ्याला धूळ काढायचा इन्फ्रारेड ऑप्शन कोडाक्रोमसाठी बंद ठेवायला सांगा, त्याने चित्रातले बारकावे खराब होतात. आणि पावसाळ्याआधी सगळ्या स्लाइड्स सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुरशी लागली तर कोडाक्रोमही वाचत नाही.