डिपोर्टेशन: हद्दपारी, तडीपारी की देशनिकाला?

अमेरिकेतून परत पाठवलेल्या भारतीयांच्या बातम्यांत डिपोर्टेशनसाठी कुठे ‘हद्दपारी’, कुठे ‘देशनिकाला’, तर कुठे चक्क ‘तडीपारी’ दिसते. यातला नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

तडीपारी आधी बाजूला काढू. तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. पण आज हा शब्द पोलिसांच्या कारवाईला चिकटला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली गुंडाला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून एखाद-दोन जिल्ह्यांतून बाहेर काढतात, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. म्हणजे बंदी नसलेल्या दुसऱ्या जिल्ह्यात तो खुशाल राहू शकतो. व्हिसा संपलेल्या माणसाला तडीपार म्हटलं की तो उगाच गुंड ठरतो.

‘देशनिकाला’ शोभतो तो आपल्याच माणसाला देशाबाहेर घालवलं तर. परक्याला त्याच्या देशात धाडणं हा निकाला कसला? १९०७ मध्ये सरकारने लाला लजपतराय यांना खटला न चालवता मंडालेला नेऊन ठेवलं. त्यालाही इंग्रजीत डिपोर्टेशनच म्हणत. पुढच्या वर्षी टिळकही मंडालेलाच गेले, पण खटला होऊन, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा घेऊन. ती मागाहून साध्या कैदेत बदलली. ठिकाण एक, कायदेशीर नाव वेगळं. (ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तेव्हा काटेकोरपणे पाहता दोघांनाही ‘देश’निकाला झालाच नाही.)

प्रत्यार्पण ही तर निराळीच गोष्ट. तिथे दुसरा देश आरोपीला मागून घेतो. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं ते प्रत्यार्पण. डिपोर्टेशनला अशी मागणी लागत नाही. ‘तुला इथे राहायचा हक्क नाही’ एवढं ठरवून सरकार स्वतःहून बाहेर काढतं.

उरली हद्दपारी, आणि माझं मत तिलाच. अडचण एवढीच की सरकारी कागदांत तडीपारीलाही हद्दपारीच म्हणतात, म्हणून हद्द कुणाची ते सांगावं लागतं: ‘ठाणे जिल्ह्यातून हद्दपार’, ‘अमेरिकेतून हद्दपार’.

खरी चूक होते ती विभक्तीत. ‘१०४ जणांना भारतात हद्दपार केलं’ हे वाक्य मराठीत उलटं पडतं. हद्दपार नेहमी कुठून तरी करतात, कुठे तरी नाही. भारत ही त्यांची हद्दच. तिच्या आत आणून पार कसं करणार? ‘अमेरिकेने हद्दपार केलेले १०४ भारतीय ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरले’ असं लिहावं. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘मायदेशी रवानगी’ चालेल, मात्र त्यात सक्ती दिसत नाही. ‘सक्तीची’ जोडलीत तर उत्तम. बोलताना ‘डिपोर्ट केलं’ म्हणायलाही हरकत नाही, फक्त लेखात एकदा एक शब्द धरला की तोच शेवटपर्यंत ठेवा.