रेफरन्स काउंट उलटून शून्यावर आला तर?

प्रश्न : मी लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहितो आहे. ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट (तो किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी; शून्य झाली की त्याची मेमरी सोडतात) कर्नलच्या साध्या काउंटर-प्रकारात, म्हणजे अ‍ॅटॉमिक_टी मध्ये ठेवला होता. पॅच तपासणाऱ्यांनी खास रेफरन्स मोजण्यासाठीचा रेफकाउंट_टी वापरायला सांगितलं. ३२ बिटांचा काउंटर उलटायला (कमाल किमतीनंतर पुन्हा शून्यावर यायला) तो सुमारे ४२९ कोटी वेळा वाढवावा लागेल. असं खरंच घडतं का?

उत्तर : घडलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०१६-०७२८ (सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) ही कर्नलमधली त्रुटी पाहा. प्रोसेसने आपल्याच सेशन कीरिंगला (कर्नलने सांभाळलेल्या किल्ल्यांच्या जुडग्याला) त्याच नावाने पुन्हा जोडून घ्यायला सांगितलं, की नावाने शोधताना काउंट एकने वाढायचा. पण कीरिंग आधीचंच आहे असं दिसल्यावर फंक्शन की_पुट (घेतलेला रेफरन्स परत देणं) न करता परतायचं. दर कॉलला एक रेफरन्स गळायचा. हाच कॉल लूपमध्ये चालवला, की कोअर आय-७ प्रोसेसरवर साधारण अर्ध्या तासात काउंटर शून्यावर यायचा. मग ऑब्जेक्ट फ्री व्हायचा, पॉइंटर मात्र शिल्लक राहायचा. त्या मेमरीत हल्लेखोराने आपला डेटा बसवला की रूटचे (संपूर्ण यंत्रावरचे) अधिकार मिळाले. दुरुस्तीत एकच ओळ वाढली : परतण्याआधी की_पुट.

मूळ चूक विसरलेल्या पुटचीच. ती रेफकाउंट_टी सुधारत नाही, पण गळतीला गळतीच ठेवतं. ४.११ आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेला हा काउंटर-प्रकार उलटण्याऐवजी एका ठरावीक किमतीवर अडकतो, लॉगमध्ये इशारा देतो आणि त्यानंतर कमी केला तरी हलत नाही. ती मेमरी रीबूटपर्यंत वाया जाते. हा सौदा मी डोळे झाकून करेन.

ऑब्जेक्ट तयार करताना रेफकाउंट_सेट ने १ द्या. रेफकाउंट_इन्क फक्त हातात आधीच रेफरन्स असेल तेव्हा. आरसीयूखाली (लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत) यादीतून ऑब्जेक्ट शोधत असाल तर रेफकाउंट_इन्क_नॉट_झीरो वापरा, आणि ते फॉल्स आलं तर ऑब्जेक्ट सापडलाच नाही असं धरा. अशा ऑब्जेक्टची मेमरी केफ्री_आरसीयू ने, म्हणजे चालू वाचणारे संपल्यावरच, सोडा. रेफरन्स सोडताना रेफकाउंट_डेक_अँड_टेस्ट ट्रू आलं तरच फ्री.

बदल करताना एक हमखास फसगत होते : तुमच्या कोडमध्ये शून्य म्हणजे 'सध्या कोणी वापरत नाही, पण ऑब्जेक्ट जिवंत आहे' असा अर्थ असेल, तर शून्यावरून वाढवताच इशारा येईल. तिथे यादीचा स्वतःचा एक रेफरन्स धरा, म्हणजे मोजणी १ पासून सुरू होईल. पॅकेट किंवा एरर मोजणारे काउंटर अ‍ॅटॉमिक_टी मध्येच राहू द्या. आणि प्रत्येक गेटनंतरचा (रेफरन्स घेतल्यानंतरचा) प्रत्येक रिटर्न व गोटू हाताने तपासा, विशेषतः ज्या वाटेवर 'काही करायची गरज नाही' म्हणून कोड लवकर परततो ती वाट.