बोलिव्हियातल्या ला पाझला पहिल्यांदा जाताना
अरे बिनधास्त जा, फक्त पहिल्या दिवशी काही म्हणजे काही ठरवू नकोस. विमानतळच शेजारच्या एल आल्टो शहरात ४,००० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट, आणि सगळे तीच चूक करतात, उतरल्यावर बरं वाटतंय म्हणून भटकत सुटतात नि रात्री डोकं ठणकायला लागतं. मी हॉटेलचे दोन जिने बॅग घेऊन चढलो आणि पायरीवरच बसलो, रोज पळणारा माणूस!

- चढ दिसला की सरळ केबल कार
- जेवण हलकं, दारू दोन दिवस बंद
- कोकाचा चहा तिथेच पी, पानं भारतात आणू नकोस, बेकायदा आहे
- डायमॉक्सचं (उंची बाधू नये म्हणून घ्यायची गोळी) निघायच्या आधी डॉक्टरला विचार

बसल्या बसल्या धाप लागली तर मात्र वाट बघू नकोस, डॉक्टर गाठ आणि खाली उतर, बोलिव्हियातलंच सांता क्रूझ शहर जेमतेम ४०० मीटर उंचीवर आहे.