ओफीर म्हणजे आपला सोपारा का?

प्रश्न : मी नालासोपारा पश्चिमेला राहते. मुलीला शाळेत 'माझ्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प दिला आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. बायबलमधल्या शलमोन राजाची जहाजं ज्या ओफीरहून सोनं घेऊन गेली ते ओफीर म्हणजे आपला सोपारा, मोर आणि माकडंही इथूनच गेली, आणि 'ओफीर' हा 'सोपारा'चाच हिब्रू उच्चार आहे, असं त्यात म्हटलं आहे. मुलीला हे लिहू द्यावं का? तुम्हाला हिब्रू येतं म्हणून विचारते.
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर : ताई, मुलीला हे जरूर लिहू द्या, पण 'असं काही अभ्यासकांना वाटत आलं आहे' इतकंच. 'सिद्ध झालं आहे' असं लिहू देऊ नका. माझं स्वतःचं मत असं, की शलमोनाचं ओफीर म्हणजे सोपारा नव्हे. तरीही सोपाऱ्याचं नाव या गोष्टीत कुठून शिरलं असावं, हे सांगण्यासारखं आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. हिब्रू शिकलो मांडवीच्या जुन्या मशिदीत (आमच्या लोकांत सिनेगॉगला मशीद म्हणायची रीत आहे). दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे तोराचं (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं) वाचन नव्याने सुरू होतं आणि दुसऱ्याच शनिवारी नोहाची पराशा, म्हणजे त्या आठवड्याचा वाचनाचा भाग, येते. त्यात उत्पत्तीच्या १०व्या अध्यायातली वंशावळ आहे, नुसती नावांमागून नावं. तिथे यक्तानाच्या मुलांत ओफीर हे नाव पहिल्यांदा भेटतं. त्याच्या एका बाजूला शबा, दुसऱ्या बाजूला हवीला. या भावंडांतली बरीचशी नावं अरबस्तानच्या दक्षिणेकडच्या मुलखांची आहेत. ओफीर कुठे शोधायचं याची पहिली खूण शास्त्रातच अशी दिलेली आहे, आणि ती अरबस्तानाकडे बोट दाखवते.

सोन्याची हकिगत बायबलातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात येते. शलमोनाने तांबड्या समुद्रावर एसयोन-गेबेर इथे जहाजं बांधली, सोरचा राजा हिराम याने आपले जाणते खलाशी दिले आणि त्यांनी ओफीरहून ४२० किक्कार सोनं आणलं. किक्कार साधारण ३४ किलोचा धरला तर हे सोनं १४ टनांच्या घरात जातं. बायबलातल्याच '२ इतिहास' या पुस्तकात हाच आकडा ४५० आहे. मोर आणि माकडं मात्र या ओळीत नाहीतच. ती येतात पुढच्या अध्यायात. तिथली जहाजं 'तार्शीशची' आहेत, तीन वर्षांतून एकदा येतात, आणि ओफीरचं नाव त्या ओळीत नाही. मोरासाठी तिथे 'तुक्कीयीम' असा शब्द आहे. तो तमिळ 'तोगै'वरून, म्हणजे मोरपिसाऱ्याच्या शब्दावरून, आला असं पुष्कळ विद्वान मानतात. ते खरं असलं तरी माग तमिळ मुलखाकडे जातो, वसई-सोपाऱ्याकडे नाही.

आता नावाकडे. हिब्रूत ओफीर लिहितात आलेफ, वाव, पे, योद, रेश. सुरुवातीला 'स' नाही. सोपाऱ्याचं जुनं नाव, शूर्पारक किंवा प्राकृतातलं सोपारक, हिब्रूत गेलं असतं तर 'स' गळायचं काही कारण दिसत नाही. हिब्रूकडे 'स' आणि 'श'साठी अक्षरं भरपूर आहेत. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकातलं परदेशी शहर शूशन आपला 'श' नीट सांभाळून आहे. यावर कोणी हुशार वाचक म्हणेल की त्याच एस्तेरमध्ये हिंदुस्थानला 'होदू' म्हटलंय, आणि ते मूळ सिंधूच, म्हणजे 'स' गेलाच ना? बरोबर, गेला. पण तो इराणी जिभेवर 'ह' होऊन गेला, आणि इराणी सत्तेशी यहुद्यांचा संबंध आला तो शलमोनानंतर ४०० वर्षांनी.

त्याच्याही आधीचा पुरावा मातीचा आहे. तेल अवीवमध्ये तेल कासीले नावाचं टेकाड आहे. तिथे १९४६ मध्ये मडक्याची एक खापरी मिळाली, इसवी सनापूर्वी ८व्या शतकातली. तिच्यावर जुन्या हिब्रू अक्षरांत दोन ओळी खरवडल्या आहेत : 'ओफीरचं सोनं, बेथ-होरोनसाठी, ३० शेकेल.' ही माल पाठवल्याची नोंद. ओफीरचं सोनं पुराणकथेतलं नव्हतं, त्याची वजनमापं होत होती, हे या खापरीने दाखवलं. आणि तिथेही ओफीर या नावात आलेफ, पे, रेश एवढीच अक्षरं आहेत, 'स' नाही.

शब्दाचं मूळ खुद्द हिब्रूत शोधणारेही आहेत. ईयोबाच्या २८व्या अध्यायात सोन्याच्या मातीसाठी 'आफार'पासूनचा शब्द आहे, म्हणून ओफीर म्हणजे सोनमातीचा देश, असं ते सांगतात. ऐकायला गोड आहे. पण 'आफार' आयिन अक्षराने सुरू होतो आणि ओफीर आलेफने. आपल्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात, तरी जुन्या हिब्रूत ते वेगळे उच्चार होते. मला ही व्युत्पत्ती पटत नाही.

मग या नावाचं 'स' लागलेलं रूप, 'सोफीर', आलं कुठून? ग्रीक भाषांतरातून. ख्रिस्तपूर्व ३ऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी आपली शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला घेतली. त्यांनी उत्पत्तीत 'ऊफीर' लिहिलं, 'स'शिवाय. पण राजे, ईयोब आणि यशयात त्याच नावाला 'स' चिकटला : सोफीरा, सोफीर, सूफीर. पुढे पहिल्या शतकात इतिहासकार जोसेफसने हा देश सरळ हिंदुस्थानात नेऊन ठेवला. माझा तर्क असा, की अलेक्झांड्रियातल्या त्या मंडळींच्या कानावर हिंदुस्थानच्या बंदरांची नावं होती, आणि ओफीर वाचताना त्यांना ऐकीव सोपारा आठवला. असं असेल तर सोपारा बायबलात गेला तो शलमोनाच्या खलाशांबरोबर नव्हे, ७०० वर्षांनंतरच्या भाषांतरकारांच्या लेखणीतून. मला तर यातही सोपाऱ्याचा मोठा मान दिसतो.

कारण तेव्हा सोपारा खरोखरच नावाजलेला होता. आणि ताई, प्रकल्पाचा गाभा हा असू द्या. पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्यात अशोकाच्या ८व्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. ९व्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन यांच्या ओळीत शोर्पारगाचं, म्हणजे सोपाऱ्याचं, नाव कोरलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यातल्या एका खांबाचा दाता सोपारकचा आहे. बुरूड राजाचा कोट म्हणतात त्या टेकाडात इंद्रजींनी खणलं तेव्हा खाली विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत मधोमध करंडा, त्याच्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती, सात मागच्या बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. यातल्या एकाही गोष्टीला 'कदाचित' लावावं लागत नाही.

मुलीला घेऊन आधी तो स्तूप बघून या, घरापासून रिक्षाने जाता येईल. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी चर्चगेट लोकल पकडा. शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, पेटीतल्या वस्तू फोर्टात टाउन हॉलच्या एशियाटिक सोसायटीकडे. त्या दाखवतात का, केव्हा, हे आधी फोन करून विचारा. ओफीरसाठी प्रकल्पात एक पान पुरे. त्यावर मुलीने दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहावीत, हिब्रू ओफीर आणि ग्रीक सोफीर, आणि 'स' कुठे आहे, कुठे नाही, ते बाईंना दाखवावं. हिब्रू अक्षरं वळणदार काढून हवी असतील तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी कागदावर लिहून पाठवतो.